मैदानावरचा पेला

तुम्ही आजारी असाल आणि हे पडल्या पडल्या वाचत असाल, तर आधी एक काम करा. उशाशी कोणीतरी हिरव्या रसाची बाटली आणून ठेवली असेल, ती जरा लांब सरकवा. फेकू नका, आणणाऱ्याला रिकामी बाटली परत न्यायची असते. फक्त लांब सरकवा आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतलीत का ते बघा.

मी गोड बोलणार नाही. आजारपणाने माणूस समंजस होतो, त्याला जगण्याचा अर्थ कळतो, असं लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं. माझं तसं काही झालं नाही. मला टीबी झाला, मी पूर्ण बरी झाले, राग तेवढा बरा झाला नाही. तो अजून आहे आणि चांगला धडधाकट आहे.

गंज काढणारा रस

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही नाशिक रोडच्या एका कॉलनीत राहायचो, पप्पा नोटांच्या प्रेसमध्ये कामगार होते. मी कॉलेजात होते आणि लांब पल्ल्याच्या शर्यती पळायचे. चांगली पळायचे. हे मुद्दाम सांगते, कारण आजारी माणसाकडे लोक असं बघतात जणू तो जन्मापासून खाटेवरच होता.

एका सरकारी खात्यात खेळाडूंसाठी राखलेली एक जागा होती. डिसेंबरात तिची ट्रायल होती आणि माझं वय बसायचं ते शेवटचं वर्ष होतं. ती जागा मिळाली तर घराचं भलं होणार, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

आमच्या सरांचं नाव लिहीत नाही. ते अजून नाशकातच आहेत आणि मला नवीन भांडण उकरून काढायचं नाही. जुनं पुरेसं आहे. सर पहाटे देवळालीच्या रस्त्याने लांब पळवायचे, संध्याकाळी मैदानावर जीव मेटाकुटीला येईपर्यंत फेऱ्या, रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. विश्रांती हा शब्द त्यांना शिवीसारखा वाटायचा. ‘दमले’ म्हटलं की म्हणायचे, “दमलीस म्हणजे अजून बोलता येतंय. आणखी एक फेरी.”

अशात सरांना कुठून तरी वर्तमानपत्राचं एक कात्रण सापडलं. ते त्यांनी प्लास्टिकच्या कागदात घालून घेतलं होतं आणि ते पोथीसारखं वाचून दाखवायचे. त्यात फळांमधल्या अँटिऑक्सिडंटबद्दल लिहिलेलं होतं.

“पोरींनो, लोखंड गंजतं ना? तसं शरीर गंजतं. जास्त पळलं की जास्त गंजतं. मग सर्दी-खोकला पकडतो. हा रस गंज काढतो. इम्युनिटी वाढवतो. परदेशात खेळाडू हेच पितात.”

परदेशात काय पितात ते सरांना ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं, त्यामुळे एकमत व्हायला वेळ लागला नाही. हंगामात त्यांच्या मेहुण्यांच्या दिंडोरीच्या मळ्यातली काळी द्राक्षं यायची. थंडीत पंचवटीच्या बाजारातले आवळे. मधल्या दिवसांत बीट आणि कसलीशी जांभळी पूड.

सराव संपला की आम्ही गवतावर आडव्या व्हायचो, छाती भात्यासारखी हलत असायची. मग सर किटलीतून एक मोठा स्टीलचा पेला भरायचे, लस्सीच्या दुकानात असतो तसा, आणि तो एकीच्या हातून दुसरीच्या हातात जायचा. प्रत्येकीने दोन घोट प्यायचे, तोंड लावूनच. वरून प्यायलेलं सरांना खपायचं नाही. “एक टीम, एक पेला,” असं ते म्हणायचे.

कोणाचं नाक वाहत असो, कोणाचा घसा बसलेला असो, पेला फिरायचा. आज एक शिंकायची, आठवड्यात सगळी रांग शिंकायची. मग सर कात्रण काढायचे आणि म्हणायचे, रस कमी पडतोय. दुसऱ्या दिवशी पेला काठोकाठ भरायचा. आजारापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो इलाज आम्ही सकाळ-संध्याकाळ तोंडाला लावत होतो.

पप्पांची कपबशी

मी नाही म्हणू शकत होते, असं तुम्हाला वाटेल. तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही माझ्या पप्पांना ओळखत नाही.

पप्पा एकदा मला न्यायला मैदानावर आले, तेव्हा पेला फिरत होता. माझ्या हातातून तो कुलकर्ण्यांच्या अंजलीने घेतला आणि न पुसता तोंडाला लावला. पप्पा स्कूटरला टेकून बघत होते. जेवताना आईला म्हणाले, “गावाला हाटेलात माझी कपबशी येगळी व्हती. वळचणीला ठेवलेली. आपणच काढायची, हाटेलवाले च्या वरून वतायचे, पिऊन झाली का आपणच धुयाची अन पालथी घालून परत तिथंच ठेवायची. अन आपली करुणा कुलकर्ण्यांच्या पोरीसंगं एका पेल्यातून पिती. सर लय मोठा माणूस हाय.”

गाव म्हणजे सिन्नरकडचं. पप्पा तिथून तरुणपणी निघाले ते लग्ना-मर्तिकापुरतेच परत गेले. आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली माझी मेडलं टांगलेली होती आणि पप्पा आल्या-गेल्याला मेडलांच्या आधी पेल्याची गोष्ट सांगायचे.

आता सांगा, मी त्या पेल्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते?

स्टिच

त्या पावसाळ्यात माझा खोकला गेलाच नाही. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. वजन उतरलं, तेव्हा सर खूश झाले, म्हणाले, हलकी झालीस, आता वेग येईल. मग उजव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखं दुखायला लागलं. श्वास घेतला की दुखायचं, हसलं की दुखायचं.

“स्टिच आहे,” सर म्हणाले. “पळताना भरते कूस. पळूनच जाईल.”

“ताप पण येतोय सर.”

“घाम काढ. तापाला घाम हेच औषध.”

गणपती उठले त्या आठवड्यात पांडवलेणीच्या अर्ध्या पायऱ्यांवर मी खाली बसले. उठता येईना. श्वास वरच्या वर अडकत होता. खालून सर ओरडत होते, “करुणा, बसायचं नाही!” मी बसूनच राहिले. माझ्या आयुष्यात सरांचं न ऐकण्याची ती पहिली वेळ, आणि तीही नाइलाजाने.

पप्पांनी स्कूटरवर बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. छातीच्या फोटोत उजवी बाजू निम्मी पांढरी दिसत होती. डॉक्टर बाई होत्या, केस पिकलेले, आवाज खडा. त्यांनी पाठीत सुई घालून छातीतलं पाणी काढलं, फिक्या चहाच्या रंगाचं. ते तपासून आलं तेव्हा त्या म्हणाल्या, “छातीत पाणी होण्याचा टीबी आहे. सहा महिने गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही.”

आई म्हणाली, “मग हिच्या लग्नाचं?”

मी म्हणाले, “आणि डिसेंबरच्या ट्रायलचं?”

बाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. “मी जगेन का, असं विचारतात लोक पहिल्यांदा. तुमच्या घरात पद्धत वेगळी दिसते.”

पप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस फिनेलच्या वासाने सुरू व्हायचा. मग सिस्टर, मग गोळ्या, मग चहा म्हणून येणारं काहीतरी, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपार. दुपार संपायची नाही. छतावरचा पंखा फिरायचा आणि मी मनातल्या मनात मैदानाच्या फेऱ्या मारायचे. सारखी मागेच पडायचे.

भीती वाटली का? वाटली. मरणाची कमी आणि पाय गळून जाण्याची जास्त. माझ्या पोटऱ्या रोज बारीक होत होत्या आणि मी त्या चादरीखाली लपवून ठेवायचे. माझ्याच शरीराचा मला संताप यायचा. इतकं पळवलं, इतकं पाजलं, आणि ऐन वेळी यानेच तोंडाला पानं पुसली.

एकदा फेरीला मी डॉक्टर बाईंना रसाचं सगळं सांगितलं, पेल्यासकट. त्या खाटेच्या कडेवर बसल्या.

“द्राक्षं, आवळे चांगलेच गं. खा की. पण ते अन्न आहे, पहारेकरी नाही. शरीर अति दमवलं की काही वेळ त्याची राखण ढिली पडते, असं आता म्हणायला लागलेत. आणि नेमक्या त्या वेळी तुमचे सर सगळ्यांचं उष्टं सगळ्यांना पाजायचे?”

“म्हणजे टीबी पेल्यातून आला?”

“नाही. टीबी खोकल्यातून, हवेतून येतो. कुठून आला ते कोणी सांगू शकत नाही. पेल्यातून तुमच्या सर्द्या आल्या, घसे आले. त्यावर विश्रांती नाही, वर पायऱ्या. राखण ढिली ती ढिलीच.” मग उठता उठता म्हणाल्या, “आणि हे बघ, तुझा हा पाण्याचा टीबी दुसऱ्याला सहसा लागतही नाही. घरात भांडी वेगळी करायची नाहीत. आईला सांग.”

शेजारच्या खाटेवर पेठकडची एक बाई होती. मजुरीला द्राक्षबागेत आलेली, तिथेच आजारी पडलेली. तिला भेटायला कोणी यायचं नाही. तिने एकदा माझा पेला उचलला, अर्धं पाणी प्याली, अर्धं परत ठेवलं. “तुला ऱ्हाऊ दिलंय गं पोरी,” म्हणाली. त्या सगळ्या महिन्यांत माझ्याशी कोणी इतकं साधं वागलं नाही. मी ते उरलेलं पाणी प्यायले. नंतर पांघरूण डोक्यावर घेऊन रडले.

भेटायला येणारे

घरी आले आणि लोकांची रीघ लागली. आजाऱ्याला भेटायला येणारी माणसं दोन प्रकारची. एक, जी दारात उभी राहून नाकाला रुमाल लावतात. दुसरी, जी औषध घेऊन येतात. पहिली परवडली.

गव्हांकुराचा रस आला. कोरफड आली. अडुळसा आला. मावशीचे यजमान सभासद जोडत माल खपवणाऱ्या एका साखळी कंपनीत शिरले होते, त्यांनी द्राक्षबियांच्या कॅप्सूल आणल्या आणि सोबत एक रंगीत पुस्तिका. कागदावरच्या चित्रात एक गोरी बाई पळत होती. “अँटिऑक्सिडंट आहेत,” ते म्हणाले, “फुप्फुस धुऊन काढतात. त्या इंग्रजी गोळ्या उष्ण.” मी विचारलं, मग तुम्ही इतके का धापा टाकताय जिना चढून? आई माझ्यावर ओरडली. ते नंतर आले नाहीत. त्या कॅप्सूलचा एवढा गुण मात्र आला.

आईचं वागणं मला समजत नव्हतं. ती माझ्या ताटात जेवायची, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आणि शेजारणीला सांगायची, करुणाला कावीळ झालीय.

लाल

या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते. हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते, म्हणजे पहिल्या दिवशी माझ्यासारखं किंचाळणार नाही. घाम, डोळ्यांतलं पाणीही रंगतं. माझ्या पांढऱ्या ओढणीला रडण्याचे डाग पडले होते.

दिवाळीनंतर खोकला गेला, वजन भरलं. डॉक्टर बाईंनी चालायची, हळूहळू धावायची परवानगी दिली. शर्यत नाही, असं बजावलं. आणि सर घरी आले. आजारपणात पहिल्यांदा. आवळे घेऊन.

“तू धावत्येस असं ऐकलं,” ते म्हणाले. “ट्रायल तुझीच आहे. बाकीच्या तुझ्या सावलीलाही पोचत नाहीत. फक्त गोळ्यांचं बघायला हवं.”

“काय बघायचं?”

“तिथे लघवीची बाटली घेतात, डोपिंगसाठी. तुझी लाल निघाली की संपलं. सगळ्यांसमोर बाद. ट्रायल होईपर्यंत गोळ्या थांबव. त्यांनी पायही जड होतात. तेवढे दिवस रस दुप्पट घे, इम्युनिटी सांभाळली जाईल. मग पुन्हा चालू कर. कोणाला काही कळायला नको.”

हे माझे गुरू. ज्यांच्या शब्दावर मी कुशीत सुरी घेऊन पायऱ्या चढले.

मी दवाखान्यात जाऊन विचारलं. डॉक्टर बाई आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा उतरला. “रंग औषधाचा आहे, त्याला कुठलीही बंदी नाही. हवं तर चिठ्ठी देते. पण मध्येच गोळ्या सोडल्या तर उलटून आलेला टीबी या गोळ्यांना जुमानेल याची खात्री मी देत नाही. नोकरीच्या पहिल्या पगाराच्या दिवशी तू माझ्या वॉर्डात असशील.”

घरी मी सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. “चिठ्ठी दाखवली का गावभर होईल,” ती म्हणाली. “चार दिवस नाय घेतल्या तर काय होतंय? नोकरी लागली तर तुझा आजार कोनी इचारनार नाय. नाय लागली तर सगळे तेच इचारतील.”

आईवर चिडावं की तिचं खरं मानावं, कळेना. कारण ते खरंच होतं. मी पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, “सर काय वाईट सांगणार नाय.” सरांनी पेला दिला होता ना.

ठिपका

सरांनी मला आणि पप्पांना सकाळी मैदानावर बोलावलं. वेळ लावून पळायचं आणि त्या दिवसापासून गोळ्या बंद, असं त्यांनी पप्पांशी ठरवलं होतं. गोळ्या मी उपाशीपोटी पहाटे घ्यायचे. त्या सकाळी घेतल्या नाहीत. पण घरात ठेवल्याही नाहीत. ट्रॅक सूटच्या खिशात टाकल्या, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

मी पळाले. चांगली पळाले. सरांनी घड्याळाकडे बघून पप्पांना अंगठा दाखवला आणि पप्पांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, जाऊ दे, संपलं, गोळ्या बंद.

मुली गवतावर बसल्या. सरांनी किटली काढली. आवळ्याचा रस पेल्यात ओतला आणि पेला अंजलीच्या हातात दिला. मी माझ्या नेहमीच्या जागी, अंजलीशेजारी बसले होते. अंजली दोन घोट प्याली आणि पेला माझ्या पुढून, हात लांब करून, पलीकडच्या मुलीला दिला. माझ्याकडे बघितलं नाही. मग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली.

सरांनी पिशवीतून एक प्लास्टिकचा कप काढला. त्याच्या कानाजवळ लाल नेलपॉलिशचा ठिपका होता.

“हा तुझा, करुणा. गैरसमज नको. या पोरींच्या घरच्यांचे फोन येतात. ठिपका अशासाठी, की चुकून दुसरीने घेऊ नये. सराव झाला की धुऊन इथेच भिंतीवर ठेवत जा.”

ज्या माणसाला माझ्या गोळ्या बंद करताना माझ्या फुप्फुसाची काळजी वाटली नाही, त्याला पेल्याच्या कडेची वाटत होती. माझा आजार कोणाला लागणारा नव्हता, तो त्यांना दिसला; लागणाऱ्या सर्द्या मात्र त्यांनी सगळ्यांना वाटून पाजल्या होत्या. मला काय काय बोलायचं होतं. शिव्या तर अगदी जिभेवर होत्या. पण तोवर सरांनी रस ओतून कप माझ्या हातात दिला.

पप्पा स्कूटरपासून चालत आले. त्यांनी माझ्या हातातून कप घेतला, रस गवतावर ओतला. मैदानाच्या कोपऱ्यात नळ होता, तिथे गेले. कप आतून बाहेरून धुतला, बोटाने कड फिरवून नीट धुतला, झटकला, आणि भिंतीवर पालथा घालून ठेवला.

मग त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं.

तो हात त्यांनी मुद्दाम हलवला नव्हता. सिन्नरकडचं गाव सोडून इतकी वर्षं झाली, तरी हाताला सगळं पाठ होतं. त्यांनी पालथा कप परत उचलला, भिंतीवर कसा ठेवावा ते त्यांना कळेना. सुलटा ठेवला. मग तिथे ठेवायचा कशाला म्हणून तो खाली टाकला आणि त्यावर चपलेचा पाय दिला. प्लास्टिक फुटल्याचा आवाज झाला, अंजलीने मान वर केली.

“अहो, काय करताय?” सर म्हणाले. “तिच्या भल्यासाठीच...”

“सर, तुमचा पेला लय मोठा हाय,” पप्पा म्हणाले. “आम्हाला झेपायचा नाय.”

मग माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज साधा होता, रोज पहाटे चहाच्या वेळी असायचा तसा.

“गोळी घेतली का?”

“नाही.”

“घे.”

मी खिशातून गोळ्या काढल्या आणि सगळ्यांसमोर नळाला तोंड लावलं.